वाळत घातलेली त्राटिका

आमच्या घरात हातानं न केलेल्या वस्तू मोजक्याच होत्या आणि आम्हाला अभिमान होता तो त्यांचाच. झाकणाचा एक स्टीलचा डबा, पंजाएवढा आरसा, एक कंदील आणि बाबांची काळी छत्री. पाहुणे आले की आई तो डबा समोर दिसेल असा ठेवायची, आत काही असो वा नसो. बाकी घरभर जे होतं ते कुणाच्या ना कुणाच्या हातचं, म्हणून त्याचं आम्हाला काहीच वाटायचं नाही. सुपं, टोपल्या, भात साठवायची माणसाच्या उंचीची कणगी, हे सगळं आई बांबू सोलून विणायची. पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचं पानांचं इरलं चुलते करून द्यायचे. मडकी आठवडे बाजारातल्या कुंभाराची, पांघरायची घोंगडी सिन्नरकडून फिरत येणाऱ्या धनगराची, आणि तांब्याचा एकुलता एक हंडा नाशिकच्या तांबटाकडचा, अंगावर हातोडीचे ठोके माशाच्या खवल्यांसारखे उठलेले. त्या हंड्यावर उन्हाची तिरीप पडली की समोरच्या कुडावर उजेडाचे ठिपके नाचायचे आणि मांजर ते पकडायला बघायचं.

परवा गंगापूर रोडवर एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. मी शिकवते ती शाळा सुटल्यावर डोकावले. एका टेबलावर सूप ठेवलं होतं, त्यावर मोर रंगवलेला. टेबलामागची मुलगी फार गोड होती. म्हणाली, "मॅडम, पूर्ण हँडमेड आहे. भिंतीवर लावायला."

मी ते उचलून हलवून बघितलं आणि विचारलं, "पाखडता येईल का?"

"म्हणजे?" ती म्हणाली.

मी तिला पाखडणं समजावून सांगितलं. तिनं सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी म्हणाली, "पण मग रंग जाईल ना मॅडम." तिचंही खरं होतं. मी सूप घेतलं नाही, पण शेजारच्या टेबलावर एक मुखवटा होता, कागदाच्या लगद्याचा, राक्षसिणीचा. त्याच्यापुढून मात्र माझे पाय हलेनात. चेहरा ओळखीचा नव्हता. ओळखीचा चेहरा असलेला मुखवटा आमच्या गावात आहे, आणि त्याची गोष्ट सांगायची तर आधी बाबांच्या पाठीबद्दल सांगायला हवं.

आमचं गाव पेठच्या अलीकडे डोंगरात. भात आणि नागली पिकवणारी माणसं. पावसाळा संपला की निम्मं गाव दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरीला जायचं आणि होळीपर्यंत परत यायचं, कारण होळीनंतर बोहाडा असायचा. बोहाडा म्हणजे संबळाच्या तालावर देव, राक्षस, वीर असे एकामागून एक मुखवटे घालून गावातून नाचत येतात. त्याला आम्ही सोंगं म्हणतो. कोणतं सोंग कुणाच्या घरानं नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आधी गणपती, मग सरस्वती, मग रामायणातली माणसं, असा क्रमही ठरलेला, आणि त्यातलं एक सोंग जरी गळलं तरी पुढचं निघायचं नाही. मुखवटा एकदा रंगला की तो देव, मग तो राक्षसाचा का असेना. बायका त्याच्या पायांवर पाणी घालतात, लेकरं त्याच्यापुढे ठेवतात, आणि ती लेकरं गाव गोळा होईल इतकं रडतात.

हे मुखवटे आमच्या घरी घडायचे. पणजोबा ते सावरीच्या लाकडातून कोरायचे. लाकूड हलकं म्हणायचं, पण रावण नाचवणाऱ्याची मान पुढचे पंधरा दिवस वळायची नाही आणि त्याला कुणी हाक मारली तर तो आख्खाच वळायचा. आजोबांच्या काळात गावात शाळा आली आणि शाळेबरोबर रद्दी आली. आजोबांनी लाकूड सोडून कागद धरला. गावात लोक म्हणायचे, शाळेचा पहिला फायदा रावणाच्या मानेला झाला.

कागद माठात भिजत पडायचा, मग तो मेथ्यांबरोबर उखळात कुटायचा, म्हणजे लगदा चिकट होतो आणि किडा लागत नाही. कुटण्याचं काम आई आणि मी आळीपाळीनं करायचो. थप, थप, थप, असा ओला, जड आवाज आणि घरभर मेथीचा कडू वास. त्या दिवसांत नागलीची भाकरीसुद्धा मेथीची लागायची. मातीचा साचा करून त्यावर बाबा कागदाच्या पट्ट्यांचा थर द्यायचे, त्यावर जुन्या लुगड्याचे तुकडे, आणि वरून लगद्यानं नाक, डोळे, गाल घडवायचे. वाळलं की आतली माती फोडून काढायची, वरून पांढरी माती फिरवायची आणि रंग द्यायचा. रंगाचं काम माझं. शाळेतली सगळी रद्दी आमच्याकडे येत असल्यामुळे गावातला एकही नापास पोरगा लपून राहत नसे. माझा चौथीतला गणिताचा पेपर गणपतीच्या डाव्या कानात गेला. गणपती बुद्धीची देवता असल्यामुळे त्यानं तो सांभाळून घेतला असावा.

आता बाबांच्या पाठीची गोष्ट. मुखवटा घडवताना बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे, आणि तो पुरा होईपर्यंत त्यांच्यासमोर कुणी यायचं नाही, ही आमच्या घराची रीत होती. डोळ्यांना दिसतं ते हातात उतरतं, हाताला विचारून काही होत नाही, असं बाबा म्हणायचे. म्हणून भाकरी मागून सरकवायची, बोलायचं ते पाठीशी बोलायचं. लहानपणी मला वडिलांचा चेहरा आठवायचा तो पावसाळ्यातला. उन्हाळ्यातले बाबा म्हणजे एक पाठ, तिच्यावरची घामाची रेघ आणि खांद्यावरून येणारे "हं" आणि "बरं".

आणि रीत मोडून एखादा चेहरा मुखवट्यात उतरलाच तर? त्याचीही सोय पूर्वजांनी केली होती. ज्याचा चेहरा आला त्याला घरी बोलवायचं, मुखवटा दाखवायचा आणि काय पाहिजे ते मागायला सांगायचं. तो मागेल ते द्यायचं. तो नाहीच म्हणाला तर मुखवटा नदीत सोडायचा. पणजोबांच्या हातून एकदा भीमाला जंगलखात्याच्या गार्डाचा चेहरा आला होता. गार्डानं एक कोंबडा मागितला, तो दिला. पुढे तो बदलून गेला तरी दरवर्षी बोहाड्याला यायचा, भीमाच्या मागं मागं चालायचा आणि लोक भीमाच्या पाया पडले की हा मान डोलवायचा.

मी नाशिकच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देत होते तेव्हा माझं लग्न निघालं. डोंगरापलीकडच्या गावातला देवराम, द्राक्षांच्या छाटणीत हुशार, स्वभावानं इतका गरीब की तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा आईला वाटलं याला बोलता येत नाही. मला तो आवडला होता. जाताना त्यानं पिशवीतून द्राक्षं काढून ठेवली, प्रवासात चेंगरलेली, आणि ती चेंगरली याचं त्याला इतकं वाईट वाटत होतं की मी तिथंच ठरवून टाकलं. अडचण एकच होती. त्याच्या घरी त्याचा काका सखाराम म्हणत होता, लग्न येत्या वैशाखात, आणि कॉलेज बंद. माझं एकच वर्ष उरलं होतं. आमच्या घरात बाबा सही करायचे तेव्हा आई हातातलं काम टाकून बघायला यायची, इतकं अक्षर आमच्याकडे दुर्मीळ. त्या घरातून मी पंधरावीपर्यंत आले होते, आणि शेवटच्या पायरीवरून परत फिरायचं या विचारानं मला जेवण जात नव्हतं. देवरामचे वडील वारलेले. शेवटचा शब्द त्याच्या आईचा, यमुनाबाईंचा. आणि यमुनाबाईंनी कळवलं होतं, "घर बघितल्याबिगर मी हो म्हणणार नाय, नाय म्हणणार नाय."

त्या घर बघायला आल्या आणि चांगल्या चार-सहा दिवस राहिल्या. मी परीक्षा संपवून घरी आलेली. नेमके तेच दिवस बाबांच्या हातात त्राटिका होती. रामानं मारलेली ती राक्षसीण. तिचा जुना मुखवटा वाळवीनं खाल्ला होता आणि बोहाडा तोंडावर आलेला. यमुनाबाईंनी दारातून आत येऊन आधी स्टीलचा डबा उघडून बघितला, मग कणगीत हात घातला, मग माझ्या हातचं सूप उलटं करून त्याची वीण तपासली, आणि मग त्यांना भिंतीकडे तोंड करून बसलेले बाबा दिसले.

"व्याही, माणूस घरात आलंय आन तुमी भितीशी बोलताय व्हय?"

"नाय बाई," बाबा पाठीतून म्हणाले, "कामाची रीत हाय."

"मंग करा की काम. मी कुठं हात धरलाय?"

असं म्हणून त्यांनी पाट ओढला आणि बाबा आणि भिंत यांच्यामध्ये जी वीतभर जागा होती तिथं भिंतीला टेकून बसल्या. पाठीशी बोलणं त्यांना पाहुण्याचा अपमान वाटला, म्हणून त्यांनी आपल्या परीनं तो दुरुस्त केला. बाबांनी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. पोरीच्या सासूला "उठा" कोण म्हणणार? ती होण्याआधीच सासू नाराज झाली असती. बाबांनी नजर खाली घातली आणि लगद्याचा गोळा उचलला.

पुढचे सगळे दिवस यमुनाबाई तिथंच बसल्या. बाबांच्या मते तर ती जागा घरातली सगळ्यात गार होती. तिथं बसून त्या घरभर लक्ष ठेवायच्या, खुरसणीची चटणी बोटानं चाखायच्या, "मीठ लय झालं" म्हणून परत घ्यायच्या, आणि बोलायच्या. काही पटलं नाही की त्यांची डावी भुवई वर जायची आणि तिथंच राहायची, खालचा ओठ पुढे यायचा, नाकपुड्या फुगायच्या. हनुवटीवर एक मस होता, तो बोलताना हलायचा.

"पोरगी कितवी झाली म्हणायची?"

"पंधरावीला जाईल आता," बाबा म्हणाले.

"पंधरावी. आन अजून किती असत्यात?"

"ही शेवटचीच."

"शेवटची शेवटची म्हणत सरकार अजून एक काढतं. आमच्या रस्त्याचं बी तसंच चाललंय." भुवई वर. "मंगल, तू सांग. काय शिकवत्यात तुला?"

"इतिहास," मी उखळापाशी थांबून म्हटलं.

"कुणाचा?"

"राजांचा. त्यांच्या लढायांचा."

"मेलेत ना ते समदे?"

"हो."

"मंग त्यांची एवढी घाई कशाला?" आणि त्या स्वतःच खूप हसल्या. मला रडू येत होतं, पण हसूही येत होतं, म्हणून मी जोरात कुटायला लागले.

त्या गेल्या तेव्हा हो नाही, नाही नाही. "बोहाड्याला येतो समदी, तवा सांगू," म्हणाल्या. त्यांच्या मागोमाग मुखवटा वाळून रंगाला आला. अंगणात एका खुंटावर बाबांनी तो ठेवला आणि मी रंग घेऊन बसले. मुखवटा कोरा असतो तेव्हा काही कळत नाही. मी चेहऱ्याला काळपट हिरवा हात दिला, डोळ्यांत पांढरा भरला, ओठ लाल केले. शेवटी भुवया. उजवी काढली. डावीच्या जागी लगद्याचा उंचवटा थोडा जास्तच वर होता, त्याच्यावरून कुंचला फिरवला आणि मागे सरकून बघितलं.

यमुनाबाई माझ्याकडे बघत होत्या. मीठ लय झालं असं म्हणण्याच्या बेतात.

मी आईला हाक मारली. आई हात पुसत आली, बघितलं, आणि मोठी टोपली आणून त्राटिकेवर पालथी घातली. मग आत जाऊन म्हणाली, "जरा बाहेर या. तुमची व्याहीण आलीय."

बाबा घाईघाईनं सदरा घालून आले. आईनं टोपली उचलली. बाबा किती तरी वेळ बघत राहिले. "मस तर मी दिलाच नव्हता," शेवटी म्हणाले.

"मग हनुवटीवर काय हाय ते?"

"लगदा उडाला असंल."

"लगद्याला बरी जागा ठाऊक."

दुसरा मुखवटा करायला वेळ नव्हता. थर वाळायलाच आठवडा लागतो आणि बोहाड्याला दोनच दिवस उरले होते. खरवडावा म्हटलं तर रंगलेल्या मुखवट्याला हत्यार लावत नाहीत. आणि त्राटिका निघाली नाही तर तिच्यामागचं सगळं रामायण अडून राहणार. म्हणजे रीतच करावी लागणार होती. तीही नेमकी तिच्यासमोर, जिच्या एका शब्दावर माझं लग्न आणि माझं वर्ष लटकलेलं. "मागा म्हटलं तर ती काय मागंल," आई म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. सखारामकाकाचं मागणं तिच्या तोंडून आलं की संपलं. चेहऱ्याच्या धन्याला नाही म्हणता येत नाही. आणि चिडून उठून गेल्या तर देवरामही गेला. रात्री मी पडल्या पडल्या दोन्ही नुकसानं एकमेकांशेजारी ठेवून बघितली आणि दोन्ही मोठीच दिसली.

बोहाड्याच्या दिवशी दुपारी ते तिघं आले: यमुनाबाई, देवराम आणि सखारामकाका. आईचं धोरण असं की वाईट बातमी भरल्या पोटी द्यावी. तिनं गावठी कोंबड्याचा रस्सा केला होता, तांदळाच्या भाकरी केल्या होत्या. यमुनाबाई दुसऱ्यांदा रस्सा घेऊन म्हणाल्या, "मीठ बरोबर हाय," आणि आईचा चेहरा आणखीच पडला. हात धुऊन सगळे अंगणात मांडवाखाली बसले. बाबांनी टोपलीसकट खुंट मध्ये आणून ठेवला.

"यमुनाबाई," बाबा म्हणाले, "आमच्या घरात एक रीत हाय." त्यांनी सगळी सांगितली, पाठीची, चेहऱ्याची, मागण्याची. गार्डाची आणि कोंबड्याचीही. यमुनाबाई कौतुकानं ऐकत होत्या. "मंग अवंदा कुणाचं त्वांड आलं?" त्यांनी विचारलं.

बाबांनी टोपली उचलली.

अंगणातल्या कोंबड्यासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या. आणि मग देवराम, ज्याचा आवाज मी तोवर नीट ऐकला नव्हता, तो पोट धरून हसायला लागला. "आई," तो म्हणाला, "तूच."

सखारामकाका ताडकन उठला. "राकसीण केली आमच्या वहिनीची? हा अपमान हाय. उठा, वहिनी. लगीन मोडलं."

"खाली बस," यमुनाबाई म्हणाल्या. नजर मुखवट्यावरच होती. "कोंबडा खाल्लास ना त्यांचा? जिरू दे."

त्या उठून खुंटापाशी गेल्या. समोरून बघितलं, बाजूनं बघितलं. आपल्या हनुवटीवर बोट ठेवलं, मग तिच्या. मला वाटतं तोवर त्यांनी स्वतःला पुरतं कधी बघितलंच नव्हतं. त्यांच्याही घरी आरसा पंजाएवढाच असणार, त्यात एका वेळी एक डोळा मावतो. "एवढी भुवई जाती माझी?" त्यांनी विचारलं. त्यांच्या मुलानं मान हलवली. त्यांनी मुखवटा उचलला, उलटा केला आणि सुपाची बघतात तशी त्याची आतली बाजू बघितली. आत कागदाच्या पट्ट्या चिकटलेल्या, त्यांवर शाईची अक्षरं.

"मंगल, हिकडं ये. हे काय लिवलंय?"

मी पुढे झाले. कुणा पोराची उत्तरपत्रिका होती. मी वाचलं, "'नदीचे उपयोग. नदी आपल्याला पाणी देते. नदीत म्हशी बसतात. नदी नसती तर म्हशी कुठे बसल्या असत्या.'"

"बराबर लिवलंय," त्या म्हणाल्या. "आन हिथं, गालाच्या आत?"

"'पाचपैकी दोन.'"

"दोनच? म्हशीचं खरं हाय की." त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "बघ, माझ्या तोंडात एवढं लिवलंय आन मला कायबी ठावं नाय," असं म्हणून त्यांनी मुखवटा सरळ केला आणि तोंडावर चढवला.

आमच्याकडे बायका सोंग घेत नाहीत. पण मुखवटा अजून पुजलेला नव्हता, आणि चेहरा त्यांचाच, तेव्हा अडवणार कोण आणि कशावरून? यमुनाबाईंनी पदर खोचला आणि अंगणात एक फेरी मारली. कुत्रं शेपूट घालून गोठ्यात गेलं. त्या नाचत नव्हत्या, नुसत्या आपल्या चालीनं चालत होत्या, पण वर ते तोंड असल्यामुळे साधी चालही फार भयंकर दिसत होती. त्यांना मजा येत होती हे खांद्यांवरून कळत होतं. सखारामकाकापुढे त्या थांबल्या आणि काका पाटासकट मागे सरकला.

बाबांनी हात जोडले. रीत ती रीत. "बाई, तुमचं त्वांड आमच्या हाती आलं. काय पायजे ते मागा."

आतून घुमल्यासारखा आवाज आला. कुणालाच कळलं नाही.

"काय?" आई म्हणाली.

मुखवटा वर सरकवून, "लगीन वैशाखात," असं म्हणून त्यांनी तो परत खाली घेतला. सखारामकाकानं मांडीवर थाप मारली. आतून पुन्हा काहीतरी घुमलं. "नीट सांग ना आई," देवराम म्हणाला. तेव्हा त्यांनी मुखवटा डोक्यावरच टोपीसारखा ठेवला आणि दोन तोंडांनी आमच्याकडे बघत म्हणाल्या, "आन जूनमधी पोरगी कालेजला. पंधरावी पुरी करंल. दोनीबी पायजे मला."

"वहिनी," सखारामकाका म्हणाला, "सून शिकायला गेली तर भाकरी कोण थापील?"

"मीच थापते ना आजवर? तुला कच्ची लागली कधी?"

"तसं नाय. पर तुमाला काय करायचाय तो इतिहास?"

"इतिहास जाऊ दे खड्ड्यात. मला वाचणारी पायजे." त्या पाटावर बसल्या. "रेशनवाला, तलाठी, शेतीच्या खात्याचा तो माणूस. मी जाते, मी वरडते. वरडण्यात मला कुणी हरवीत नाय. मंग तो काय करतो? कागद फुडं करतो. हिथं लिवलंय म्हणतो. झालं, मी गप." भुवई वर गेली, डोक्यावरची तर आधीच वर होती. "आन मला गप बसाया आवडत नाय."

"ते खरं हाय," देवराम म्हणाला.

सखारामकाकानं बाबांकडे बघितलं, जणू ते काही वेगळं सांगतील. बाबा म्हणाले, "माझ्या हातात कायबी नाय बुवा. मागणं झालं." आणि ते माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच उन्हाळ्यात समोरून हसताना दिसले.

संध्याकाळी संबळ वाजला. त्राटिका निघाली तेव्हा यमुनाबाई पहिल्या रांगेत होत्या. नाचणाऱ्याला त्या मधूनमधून सांगत होत्या, "पाय उचल. मी अशी फरपटत नाय." पाया पडणाऱ्या बायकांना मात्र त्यांनी सगळ्यांना मनापासून आशीर्वाद दिले, मुखवट्याच्या आधी.

वैशाखात लग्न झालं आणि मी यमुनाबाईंना आत्या म्हणायला लागले. जूनमध्ये आत्यांनी माझी पिशवी आपल्या डोक्यावर घेतली आणि आम्ही दोघी एस.टी.नं नाशिकला आलो. देवराम येणार होता, पण आत्या म्हणाल्या, तू बोलणार नाहीस आणि तिकीट उगाच जाईल. गंगापूर रोडला मुलींच्या ज्या वसतिगृहात मी दोन वर्षं राहिले होते तिथंच जायचं होतं. तिथल्या बाई चांगल्या होत्या, मला लेकीसारखं वागवायच्या. पण त्यांनी माझ्या गळ्यात मंगळसूत्र बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मंगल, अगं, लग्न झालेल्या मुलींना आपण इथं ठेवत नाही."

मी पिशवीकडे बघायला लागले. पेठहून रोज जाऊन येऊन तास गाठता येणार नव्हते, आणि शहरात आमचं दुसरं कुणी नव्हतं. एका वाक्यात सगळं संपलं होतं. आत्यांनी भिंतीकडची खुर्ची पुढे ओढली आणि बाईंच्या बरोबर समोर बसल्या.

"असं कुठं लिवलंय?" त्या म्हणाल्या.

"तसं लिहिलेलं म्हणजे... नियम आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांची नजर अभावितपणे दाराशेजारच्या फळ्याकडे गेली. तिथं पांढऱ्या रंगात नियम लिहिलेले होते. आत्यांनीही तिकडे बघितलं.

"वाच गं," त्या मला म्हणाल्या. "मोठ्यानं."

मी वाचायला लागले. दोन वर्षं त्या फळ्याखालून ये-जा करून मी तो कधी पुरा वाचला नव्हता. संध्याकाळी सातनंतर बाहेर राहू नये. खोलीत स्टोव्ह पेटवू नये. कपडे गॅलरीच्या कठड्यावर वाळत घालू नयेत. पाहुण्यांनी खोलीत येऊ नये, भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. मोठ्यानं गाणी लावू नयेत. पाणी जपून वापरावं. माझा आवाज आधी कापत होता, मग सरळ झाला. प्रत्येक नियमाला आत्या मान हलवत होत्या, जणू त्यांनाच तिथं राहायचं होतं.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं."

"लगनाचं हाय का कुठं?"

"नाही."

आत्या बाईंकडे वळल्या. "मंग?"

एवढंच म्हणाल्या. भुवई वर गेली आणि तिथंच राहिली. बाई एकदा फळ्याकडे आणि एकदा आत्यांकडे बघत होत्या, आणि मला माहीत होतं की त्या दोन्हींपैकी फळाच त्यांना जास्त मवाळ वाटत असणार. शेवटी त्यांनी टेबलाचा खण उघडून किल्ली काढली. "मागच्या बाजूची खोली आहे," त्या म्हणाल्या. "जरा अंधारी आहे." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण हिच्या? आई?"

"सासू."

बाईंनी किल्ली माझ्या हातात न देता आत्यांच्या हातात दिली.

खोली खरंच अंधारी होती. आत्यांनी गादी दाबून बघितली, नळ सोडून बघितला, खिडकी उघडली, आणि पिशवीतून नागलीच्या भाकरीचं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. मला पाया पडायचं होतं, काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण त्या पुढे पुढे चालत होत्या. त्या फळ्याखाली पुन्हा थांबल्या.

"ते पाहुण्यांचं परत वाच," त्या म्हणाल्या. "भेटाया कवा यायचं?"

"रविवारी. चार ते सहा."

"बरं," आत्या म्हणाल्या आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या.

त्या पहिल्यांदा आल्या त्या बुधवारी सकाळी.